४ लाइन, ११ माणसं: छोट्या ऑफिसच्या ईपीएबीएक्समध्ये कोणत्या सोयी खरंच लागतात?

हिशेबनीस (प्रश्न)

नमस्कार. ऑफिसात टेलिफोनच्या ४ लाइन आहेत आणि फोन लागणारी ठिकाणं ११: रिसेप्शन १, अकाउंट्स २, विक्री ४, सर्व्हिस २, साहेबांची केबिन आणि मागचं गोडाऊन. गोडाऊनपर्यंत तार टाकायची तर ती साधारण १८० मीटर भरते. सध्या सुटे फोन वेगवेगळ्या टेबलांवर आहेत. ज्याच्यापुढे वाजतो तो उचलतो आणि ज्याचा फोन असेल त्याला हाक मारतो. चौथी लाइन फॅक्सची म्हणून राखून ठेवलेली आहे. चारपैकी दोन लाइन जुन्या तांब्याच्या, दोन फायबरच्या डब्यातून निघतात.

४ ट्रंक (बाहेरच्या लाइन) आणि १२ एक्स्टेंशनच्या (आतले फोन) ईपीएबीएक्सचं, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजच्या पेटीचं, कोटेशन आलं आहे. सोबत सोयींची दोन पानी यादी आहे: डिसा, पार्क, पिकअप, नाइट मोड, एसएमडीआर, हॉटलाइन, डोअरफोन, सगळंच. यातलं रोजच्या कामाला काय लागतं आणि काय नुसतं यादीपुरतं, ते समजून घ्यायचं आहे.

नेमके प्रश्न असे:
सर्वांत गर्दीच्या तासात आलेले-गेलेले मिळून ३० फोन होतात, प्रत्येकी सरासरी ४ मिनिटं. त्याला ४ लाइन पुरतात का?
सगळ्यांना बटणांचे मोठे फोन घ्यावेत की साधे चालतील?
रेकॉर्डेड स्वागत लावावं का?
वीज गेली तर काय होतं?
की हे सगळं सोडून थेट आयपीवर, म्हणजे नेटवर्कच्या तारेवरून चालणाऱ्या फोनवर जावं?

टोनपल्स

आधी लाइनचा हिशेब, कारण लाइनच मोकळी नसेल तर पुढच्या सोयींना काही अर्थ राहत नाही. ३० फोन गुणिले ४ मिनिटं म्हणजे तासाभरात १२० मिनिटांचं बोलणं. १२० भागिले ६० म्हणजे २ एर्लांग, अर्थात सरासरी दोन लाइन सतत चालू. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती ए. के. एर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलेलं सूत्र यासाठी आजही वापरतात. २ एर्लांगला त्याची उत्तरं अशी येतात: ३ लाइन असतील तर गर्दीच्या तासात २१ टक्के फोनना लाइन मिळत नाही, ४ असतील तर साडेनऊ टक्के, ५ ला पावणेचार, ६ ला सव्वा टक्का.

म्हणजे फॅक्ससाठी एक लाइन बाजूला ठेवून आज तुम्ही तीन लाइनवर चालता आहात आणि पाचातला एक फोन एंगेज लागतो आहे. एंगेज मिळालेला माणूस पुन्हा पुन्हा लावतो, त्यामुळे प्रत्यक्षात स्थिती याहून थोडी वाईटच असते. फॅक्सची लाइनही सिस्टिमवर घ्या, फॅक्स मशीन एका एक्स्टेंशनवर ठेवा आणि ती लाइन बाहेर जाणाऱ्या फोनसाठी सगळ्यात शेवटी वापरली जाईल असा क्रम लावा. तिच्यावर येणारा फोन थेट फॅक्सच्या एक्स्टेंशनला वाजू द्या. त्या एक्स्टेंशनला ‘डेटा लाइन सिक्युरिटी’ चालू करायला विसरू नका, नाहीतर मध्येच कॉल वेटिंगची टिकटिक घुसते आणि फॅक्सचं पान अर्धं येतं.

आता कोटेशनकडे बघा. ११ फोन आणि १ फॅक्स म्हणजे १२ एक्स्टेंशन पहिल्याच दिवशी भरली. कार्ड घालून ६ किंवा ८ ट्रंक आणि २४ एक्स्टेंशनपर्यंत वाढणारी पेटी मागा. न वाढणारी पेटी घेतली तर बारावा माणूस आला की अख्खी पेटी बदलावी लागते.

फोन सगळ्यांना मोठे नकोत. बटणांचा फोन, म्हणजे की-फोन, तिथेच द्या जिथे माणसाला *सगळ्या* लाइनची स्थिती दिसायला हवी: रिसेप्शन, विक्रीतले दोन, अकाउंट्समध्ये एक. की-फोनवर प्रत्येक लाइनला स्वतंत्र बटण आणि दिवा असतो. दिवा स्थिर असेल तर कोणीतरी बोलतंय, सावकाश लुकलुकत असेल तर लाइन होल्डवर आहे, भराभर लुकलुकत असेल तर वाजते आहे. लाल-हिरव्याचा अर्थ मॉडेलप्रमाणे बदलतो, पण ही लय बहुतेक ठिकाणी अशीच सापडते. माझ्या मते दोन पानी यादीत सगळ्यात जास्त उपयोगाची सोय हा दिवाच आहे. ‘दोन नंबरवर कोण थांबलंय?’ हे ओरडून विचारावं लागत नाही. पूर्वीच्या बटणवाल्या सिस्टिममध्ये या दिव्यांसाठी प्रत्येक फोनपर्यंत २५ जोड्यांची जाडजूड केबल न्यावी लागे. आता एक-दोन जोड्यांत भागतं.

बाकीच्या टेबलांवर साधा फोन पुरतो. फक्त त्याच्यावर ‘फ्लॅश’ बटण हवं आणि फ्लॅशचा वेळ सिस्टिमशी जुळवलेला हवा. साध्या फोनवरून ट्रान्सफर म्हणजे फ्लॅश दाबायचं, एक्स्टेंशनचा नंबर फिरवायचा, समोरच्याशी बोलून रिसीव्हर ठेवायचा. फ्लॅश म्हणजे लाइन क्षणभर तोडणं. फोनप्रमाणे ती १००, ३०० किंवा ६०० मिलिसेकंद तुटते. फोन १०० देतोय आणि सिस्टिम ३०० पासून पुढचंच मानते, तर बटण दाबून काहीच होत नाही. उलट, हाताने हुक दाबून जास्त वेळ धरला तर सिस्टिमला वाटतं रिसीव्हर ठेवला, आणि ग्राहकाचा फोन तुटतो. ‘ट्रान्सफर करताना फोन कटतो’ ही तक्रार आली की पहिल्यांदा हेच तपासा. सिस्टिमची खालची मर्यादा फार कमीही नको: पल्स डायलिंगमध्ये लाइन सुमारे ६० मिलिसेकंद तुटली की तो ‘१’ धरला जातो.

होल्डचे दोन प्रकार नीट समजून घ्या. साध्या होल्डवरची लाइन कोणीही, कुठल्याही की-फोनवरून उचलू शकतो. एक्सक्लुझिव्ह होल्डवरची फक्त ठेवणाराच. साधा होल्ड मुख्य ठेवा. साधे फोन असलेल्यांना लाइनचं बटण नसतं, त्यांच्यासाठी पार्क: रिसेप्शनने फोन ‘पार्क ३’ मध्ये ठेवला, सर्व्हिसवाल्याने कुठल्याही फोनवरून पार्कचा कोड आणि ३ दाबून तो घेतला. एका जागी न बसणाऱ्या माणसांसाठी ट्रान्सफरपेक्षा हे कितीतरी बरं.

रिकॉलच्या वेळा ठरवल्याशिवाय सिस्टिम ताब्यात घेऊ नका. ट्रान्सफर केलेला फोन ३० सेकंदांत कोणी उचलला नाही तर तो रिसेप्शनकडे परत यावा, होल्डवरचा ६० सेकंदांनी आठवण देत वाजावा. वेळ शून्य ठेवलेली असेल, म्हणजे रिकॉल बंद असेल, तर फोन गोडाऊनमध्ये वाजत राहतो आणि ग्राहक कंटाळून ठेवून देतो. कोणाला पत्ताही लागत नाही.

पिकअप ग्रुप करा, म्हणजे गटातल्या एकाचा वाजणारा फोन दुसऱ्याला आपल्या जागेवरून उचलता येतो: विक्रीचे चार एका गटात, सर्व्हिसचे दोन दुसऱ्या. हॉटलाइन, डोअरफोन वगैरे लागेल तेव्हा बघू.

ध्रुवबदल

वरचं सगळं मान्य. पण कोटेशनच्या यादीत नसलेली एक गोष्ट आहे आणि घोडं तिथेच पेंड खातं: *फोन संपला हे सिस्टिमला कळणं.*

बाहेरच्या माणसाने फोन ठेवला की एक्स्चेंजकडून ते कळण्याचे तीनच मार्ग आहेत. एक, लाइनचा करंट क्षणभर तुटतो. त्याला सीपीसी म्हणतात. दोन, लाइनची पोलॅरिटी उलटते, म्हणजे प्लसचा मायनस होतो. तीन, यातलं काहीच होत नाही आणि नुसता एंगेज टोन वाजत राहतो. तिसऱ्या प्रकारात आपल्या बाजूला माणूस असेल तर तो टोन ऐकून रिसीव्हर ठेवतो, प्रश्न मिटला. पण फोन रेकॉर्डेड स्वागतावर असेल, व्हॉइसमेलवर असेल किंवा एका लाइनवरून दुसऱ्या लाइनवर, साहेबांच्या मोबाइलला पाठवलेला असेल, तर टोन ऐकायला कान कुठे आहे? दोन्ही लाइन अडकून राहतात. दिवा स्थिर जळत राहतो, बाहेरच्यांना एंगेज लागतं आणि पेटी बंद करून चालू केल्यावरच लाइन सुटते.

तुमच्या लाइन दोन जातीच्या आहेत, म्हणून प्रत्येक लाइन वेगळी तपासा. पद्धत अशी: लाइनच्या दोन तारांवर डीसी व्होल्टला मीटर लावा, शक्यतो काट्याचा. डिजिटल मीटर पाव सेकंदाची घट बहुधा दाखवतच नाही. रिसीव्हर ठेवलेला असताना सुमारे ४८ व्होल्ट दिसतील. मोबाइलवरून त्या लाइनला फोन लावा, उचला, व्होल्टेज ६ ते १० च्या आसपास येईल. आता मोबाइलवरून कट करा, इकडचा रिसीव्हर मात्र खाली ठेवू नका. काट्याकडे बघत राहा. काटा झटकन शून्याकडे जाऊन परत आला तर सीपीसी मिळतो आहे. काटा उलट्या बाजूला आपटला तर पोलॅरिटी बदलते आहे. जागचा हललाच नाही आणि कानात एंगेज टोन आला, तर भिस्त टोनवर. निदान अर्धा मिनिट थांबा, काही एक्स्चेंज उशिरा तोडतात.

मग सिस्टिममध्ये त्या त्या लाइनला तशी सेटिंग. सीपीसीचा ओळखण्याचा वेळ प्रत्यक्ष तुटीपेक्षा थोडा कमी ठेवा. फार कमी ठेवलात तर लाइनवरच्या किरकोळ झटक्यानेही चालू फोन तुटतात, जास्त ठेवलात तर तूट लक्षातच येत नाही. टोनवर चालायचं असेल तर टोनचा नमुना बरोबर हवा. भारतात एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण सेकंद बंद. युरोपात बऱ्याच ठिकाणी ४२५ हर्ट्झ आणि अर्धा-अर्धा सेकंद. अमेरिकेत ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, तेही अर्धा-अर्धा सेकंद. पेटी दुसऱ्या देशाच्या सेटिंगवर आलेली असेल तर ती टोन ऐकते पण ओळखत नाही. वर आणखी एक कुंपण घाला: लाइन-ते-लाइन बोलण्याला कमाल वेळ, उदाहरणार्थ १० मिनिटं. तोडण्याचा बाकी कुठलाही मार्ग फसला तरी लाइन तेवढ्या वेळाने सुटते.

कॉलर आयडीचंही असंच जुळवून घ्यावं लागतं. लाइनवरून नंबर पाठवायच्या दोन पद्धती आहेत. एफएसके (मोडेमसारखा आवाज) पद्धतीत नंबर सहसा पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये येतो, डीटीएमएफ (बटणांचे टोन) पद्धतीत सहसा पहिल्या घंटीच्या आधी. पद्धत चुकीची निवडली तर स्क्रीन कोरी राहते. पद्धत बरोबर असूनही कोरी राहत असेल तर रिसेप्शनवाले पहिल्याच घंटीला उचलतात का बघा, किंवा रेकॉर्डेड स्वागत पहिल्या घंटीलाच उचलतं का. दोन घंट्या होऊ द्या. आणि विक्रेत्याला स्पष्ट विचारा: कॉलर आयडीचं कार्ड किमतीत धरलंय का, आणि नंबर साध्या फोनवरही दिसतो की फक्त की-फोनवर? छोट्या पेट्यांमध्ये ही दोन वेगळी कार्डं असू शकतात.

तुमचं नाव हिशेबनीस आहे म्हणून एसएमडीआरबद्दलही सांगतो. कोणत्या एक्स्टेंशनवरून, कुठे, किती वेळ फोन गेला याची ती नोंद असते. समोरच्याने फोन *उचलला* हे लाइनवरून कळत नसेल, म्हणजे उचलल्यावर पोलॅरिटी उलटत नसेल, तर सिस्टिम नंबर फिरवून ठरावीक सेकंद झाले की वेळ मोजायला लागते. त्यामुळे न उचललेले फोनही यादीत येतात आणि बिलाशी मेळ बसत नाही. कोणी किती वापर केला हे पाहायला ती नोंद चांगली आहे, बिलाचा ताळा करायला नाही.

हिशेबनीस

दोघांचेही आभार. लाइन अडकण्याबद्दल विक्रेत्याने एक शब्द काढला नव्हता. मीटर लावून चारही लाइन बघतो.

वायरिंगबद्दल कोणी सांगेल का? गोडाऊनला की-फोन द्यायचा विचार होता, कारण तिथूनही लाइन दिसलेल्या बऱ्या. आणि विजेचा प्रश्न राहिलाच.

जोडतार

गोडाऊन आधी. ०.५ मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला सुमारे १७० ओहम. १८० मीटरला ३१ ओहम. बऱ्याच छोट्या सिस्टिमच्या की-फोनला मर्यादा ४० ओहमच्या आसपास असते, म्हणजे काठावर का होईना चालेल. पण वायरमनने स्वस्तातली ०.४ मिलिमीटरची केबल टाकली तर तेच १८० मीटर ५० ओहमवर जातात. मग फोन सुरू होतो, डिस्प्ले मंद दिसतो आणि स्पीकर चालू केला की फोन रीसेट होतो. साध्या फोनला हा त्रास नाही, तो याच्या कितीतरी पट अंतर सहज खेचतो. तुमच्या सिस्टिमच्या इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात, त्या बघून मगच केबल घ्या.

केबल इमारतीबाहेरून जात असेल तर जेली भरलेली, जमिनीखालून, पाइपात. विजेच्या केबलशेजारून समांतर नेऊ नका, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. आणि *दोन्ही* टोकांना सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे विजेच्या झटक्यापासून संरक्षण.

आतल्या वायरिंगला प्रत्येक जागी निदान दोन जोड्या न्या, जमल्यास चार. काही हायब्रीड की-फोनमध्ये एक जोडी आवाजाची आणि दुसरी डेटाची असते. डेटाची जोडी सुटली तर बोलणं होतं पण बटणं आणि डिस्प्ले मेलेले राहतात. असं दिसलं की फोन बदलायला धावू नका, आधी रोझेटमधल्या (भिंतीवरची फोनची डबी) बाहेरच्या दोन तारा बघा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जोडी फोडणं: एक तार निळ्या जोडीतली, दुसरी नारिंगीतली. मीटरवर सगळं बरोबर दिसतं, फोनही चालतो, पण लांब तारेवर गुणगुण येते आणि शेजारच्या लाइनचं बोलणं पुसट ऐकू येतं. तारेला दिलेला पीळच आवाज स्वच्छ ठेवतो, आणि जोडी फोडली की तो पीळ वाया गेला.

पेटीजवळ क्रोनचे १० जोड्यांचे ब्लॉक (तारा दाबून बसवायच्या खाचांच्या पट्ट्या) लावा, लाइनचा वेगळा आणि एक्स्टेंशनचा वेगळा. तार सोलायची नाही, टूलने सरळ खाली दाबायची. खाचेतली पाती स्वतः प्लास्टिक कापते. एका खाचेत एकच तार. स्क्रू-ड्रायव्हरने दाबलेली तार आज चालते आणि दमट हवेत खरखरायला लागते. प्रत्येक जोडीवर एक्स्टेंशनचा नंबर लिहा, पेन्सिलने नको.

कार्डं जळतात ती बहुतेक वेळा विजेच्या लाइनमुळे नाही, टेलिफोनच्या लाइनवरून आलेल्या झटक्यामुळे. लाइनच्या ब्लॉकला तीन टोकांच्या गॅस ट्यूब लावा, त्या झटका अर्थिंगकडे वळवतात. त्यांची अर्थिंग आणि पेटीच्या वीजपुरवठ्याची अर्थिंग एकाच ठिकाणी जोडलेली हवी. दोन वेगळे खड्डे ठेवलेत तर वीज पडली की दोन अर्थिंगमध्येच शेकडो-हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो पेटीतून वाट काढतो. अर्थिंगशिवाय लावलेली गॅस ट्यूब नुसती शोभेची.

आता वीज. बहुतेक पेट्यांत ‘पॉवर फेल्युअर ट्रान्सफर’ असतं. वीज गेली की आतला रिले ठरावीक लाइन ठरावीक एक्स्टेंशनला सरळ जोडतो, सहसा पहिली लाइन पहिल्या एक्स्टेंशनला. मात्र त्या एक्स्टेंशनवर *साधा* फोन हवा. की-फोनला वीज पेटीकडूनच मिळते, पेटी गेली की तोही गेला. रिसेप्शनला की-फोन असेल तर शेजारी एक साधा फोन त्या एक्स्टेंशनवर समांतर ठेवता येतो का, ते मॅन्युअलमध्ये बघा. नाही तर रिलेचं एक्स्टेंशन वेगळ्या टेबलावर न्या.

तुमच्या बाबतीत यातली मेख अशी: पहिल्या पोर्टवर *तांब्याची* लाइन लावा. फायबरचा डबा विजेवर चालतो, वीज गेली की त्याची लाइनही मेलेली. रिलेने मेलेली लाइन जोडून दिली तर काय उपयोग.

यूपीएसचा अंदाज: छोटी पेटी साधारण ४० वॉट खाते असं धरा. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ८४ वॉट-अवर, त्यातले साठ टक्के हाती लागतात असं मानलं तर सव्वा तास. फायबरचा डबा त्याच यूपीएसवर घेतलात तर वेळ कमी होईल. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची आहे हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

घंटानाद

रेकॉर्डेड स्वागताबद्दल माझं मत वेगळं आहे. दिवसा नको. ११ माणसांच्या ऑफिसात ‘विक्रीसाठी १ दाबा’ ऐकवणं म्हणजे ग्राहकाची १५-२० सेकंदं घेणं. शिवाय तेवढा वेळ लाइनही अडते. वर २ एर्लांगचा हिशेब आहे, त्यात ३० फोनना २० सेकंद म्हणजे आणखी १० मिनिटं वाढवा आणि टक्केवारी पुन्हा काढा.

दिवसा फॅक्सची सोडून बाकीच्या तिन्ही लाइन रिसेप्शनवर वाजू द्या, १५ सेकंदांत उचलल्या नाहीत तर विक्रीच्या गटावर. रेकॉर्डिंग फक्त नाइट मोडला: ऑफिसची वेळ, तातडीच्या सर्व्हिससाठी कोणता अंक, बस. संदेश १० सेकंदांच्या आत संपवा आणि अंक शेवटी सांगा. ‘सर्व्हिससाठी २’ असं, ‘२ दाबा सर्व्हिससाठी’ असं नको. ऐकणारा आधी काम ओळखतो, मग आकडा लक्षात ठेवतो.

होल्डचं संगीत मात्र हवंच. लाइन शांत झाली की माणसाला वाटतं फोन कटला, आणि तो ठेवून देतो.

कुलूपकिल्ली

डिसा लावणार असाल, अगदी रात्रीपुरता, तर हे वाचा.

डिसामध्ये बाहेरचा माणूस स्वागत ऐकून एक्स्टेंशन फिरवतो. त्याच वाटेने ‘०’ दाबून बाहेरची लाइन घेता येत असेल, तर जगातला कोणीही तुमच्या बिलावर परदेशी फोन करू शकतो. असे लोक रात्री आणि सुट्टीच्या दिवशी नंबर चाळत असतात आणि एकदा वाट सापडली की लाइन सकाळपर्यंत चालू ठेवतात. म्हणून:

डिसामधून बाहेरची लाइन घेणं पूर्ण बंद. लागतच असेल तर ४ अंकी नाही, त्याहून लांब कोड.
प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. कारखान्यातून आलेला पासवर्ड मॅन्युअलमध्ये छापलेला असतो आणि मॅन्युअल सगळ्यांना मिळतं.
एक्स्टेंशनवरून बाहेरच्या नंबरला कॉल फॉरवर्ड फक्त ज्यांना गरज आहे त्यांनाच.
दुरून प्रोग्रॅमिंग करण्याची सोय काम झालं की बंद.
परदेशी फोन कोणालाच लागत नसतील तर सेवा देणाऱ्याकडूनच ते बंद करून घ्या. पेटीतलं कुलूप तुटलं तरी ते टिकतं.

क्लास ऑफ सर्व्हिस म्हणजे कोणत्या एक्स्टेंशनला कुठवर फोन करता येईल याची पायरी. दिवसाची आणि रात्रीची पायरी वेगळी ठेवता येते. गोडाऊन आणि रिसेप्शनचा फोन रात्री फक्त आतले फोन आणि आपत्कालीन नंबर एवढ्यावर आणा.

आपत्कालीन नंबर कुठल्याही बंधनात अडकता कामा नये, आणि तो ‘०’ न दाबताही लागला पाहिजे. घाबरलेला माणूस आधी शून्य दाबायचं लक्षात ठेवत नाही. अमेरिकेत यासाठी ‘कॅरीज लॉ’ नावाचा कायदा २०१८ मध्ये झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या मल्टिलाइन सिस्टिमवरून ९११ थेट लागलं पाहिजे आणि असा फोन गेला की रिसेप्शनसारख्या जागी सूचना मिळाली पाहिजे, असं तो सांगतो. तुमचा देश कोणताही असो, पेटीकडून हे करून घ्या. चाचणीसाठी उगाच आपत्कालीन नंबर फिरवत बसू नका, प्रोग्रॅमिंगमधली नोंद बघा आणि आधी कळवून एकदाच तपासा.

टोनपल्स

आयपीचा प्रश्न राहिला होता. एका फोनला जी.७११ कोडेकवर (आवाज डिजिटल करायची नेहमीची पद्धत) दोन्ही दिशांना प्रत्येकी सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट लागतात. सहा फोन एकदम चालले तरी अर्ध्या मेगाबिटच्या जरा वर. म्हणजे वेग ही अडचण नाही. अडचण असते ती कोणीतरी मोठी फाइल चढवायला घेतली की आवाजाची पाकिटं मागे पडण्याची. राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य देता येत नसेल तर आयपीवर जाऊ नका. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बोलणं नैसर्गिक वाटतं, पुढे गेला की दोघं एकमेकांच्या वाक्यावर बोलायला लागतात.

‘त्यांचं ऐकू येतं, आपलं जात नाही’ ही आयपीची एक नेहमीची तक्रार. कारण बऱ्याचदा राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे आयपी फोनच्या संदेशांत राउटर स्वतःच बदल करतो ती सोय. ते बंद करा.

फॅक्स आयपीवर भरवशाचा राहत नाही, टी.३८ (आयपीवरून फॅक्स पाठवायची पद्धत) दोन्ही टोकांना असेल तरच. फोनना वीज नेटवर्कच्या तारेतून द्यायची तर पीओई स्विच लागेल, आणि स्विच, राउटर, फायबरचा डबा, पेटी, सगळंच यूपीएसवर घ्यावं लागेल. ११ फोन प्रत्येकी ५ वॉट धरले तरी ५५ वॉट नुसते फोनचे.

तुमच्याकडे तांब्याच्या दोन लाइन चालू आहेत आणि फॅक्स आहे, तोवर हायब्रीड पेटी (जुन्या लाइन आणि आयपी दोन्ही घेणारी) घ्या. नंतर एसआयपी ट्रंकचं (नेटवरून मिळणारी बाहेरची लाइन) कार्ड घालता येईल अशी. पाचवी-सहावी लाइन मग तीवर घ्या, तांब्याची नवी मागत बसू नका.

हिशेबनीस

मीटर लावून पाहिलं. तांब्याच्या दोन्ही लाइनवर काटा हलत नाही, नुसता एंगेज टोन येतो. फायबरच्या दोन्हींवर काटा क्षणभर शून्याला जातो. मग रात्रीचं रेकॉर्डिंग फक्त फायबरच्या लाइनवर ठेवलं तर?

ध्रुवबदल

अगदी बरोबर, तसंच करा. फॅक्सच्या लाइनवर येणारा फोन रात्रीही फॅक्सलाच वाजू द्या, बाकी पेटीवर लाइनचा क्रम असा लावा: लाइन १ आणि २ तांब्याच्या, टोन ओळखण्यावर, रात्री रेकॉर्डिंगशिवाय, साध्या फोनवर वाजणाऱ्या. लाइन ३ आणि ४ फायबरच्या, सीपीसीवर, रात्री रेकॉर्डिंग त्यांच्यावर. साहेबांच्या मोबाइलला जाणारे फोनही याच दोन लाइनच्या जोडीतून बाहेर पाठवा, म्हणजे दोन्ही टोकांचं तुटणं सिस्टिमला कळेल. तुमचा जाहिरातीतला मुख्य नंबर फायबरचा नसेल तर रात्री तो फायबरच्या नंबरवर वळवण्याची सोय सेवा देणाऱ्याकडे मागा.

ताबा घेताना विक्रेत्याच्या माणसाला समोर बसवून लाइन ३ वर रात्रीच्या मोडमध्ये फोन करा, स्वागत सुरू असताना मोबाइल कट करा आणि की-फोनवरचा तिसरा दिवा किती सेकंदांत विझतो ते मोजा. दहाच्या आत विझला पाहिजे. मग हेच लाइन ४ वर, आणि शेवटी साहेबांच्या मोबाइलला जोडलेल्या फोनवर, एकदा इकडून कट करून आणि एकदा तिकडून. हे सगळं झाल्यावर पेटीचा प्लग काढा आणि साध्या फोनवर लाइन १ चा डायल टोन येतो का ऐका.